प्रसादानंतरची शेनिन

सामंतसाहेबांनी प्रसादाचा दुसरा द्रोण हातात घेतला, तेव्हा मला कळले, आता आपली धडगत नाही.

टेस्टिंग सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. टेस्टिंग म्हणजे वाइन चाखण्याची बैठक, आणि तिच्यात जिभेपेक्षा नाकाला अधिक काम असते. अशा दिवशी मी बिनवासाच्या साबणाने अंघोळ करते, गजरा माळत नाही, चहासुद्धा वेलचीशिवाय घेते. आणि त्या दुपारी आमच्या कोऱ्या करकरीत टेस्टिंग रूममध्ये धुपाचा निळसर ढग छताला टेकला होता. त्याखाली कापूर, झेंडू, चंदन आणि साजूक तुपात खरपूस भाजलेला रवा. एरवी या वासांनी माझा जीव निवतो. त्या दिवशी मात्र प्रत्येक वास शत्रुपक्षाचा वाटत होता.

सामंत हे एका मोठ्या हॉटेलचे बेव्हरेज मॅनेजर, म्हणजे तिथे कोणती पेये ठेवायची हे ठरवणारे गृहस्थ. पक्के गिरगावकर, मितभाषी, नाकाचे तिखट. दादरला गाडी अडकेल म्हणून ते लवकर निघाले, आणि गाडी अडकलीच नाही. ते नेमके सत्यनारायणाच्या आरतीला पोहोचले. पूजेला बसलेल्या द्राक्षबागेच्या मालकांनी त्यांच्या हाती झांजा दिल्या. त्यांनी त्या वाजवल्या, आणि आरतीनंतर प्रसादही घेतला. प्रसादाला नाही म्हणणारा माणूस गिरगावात अजून जन्मायचा आहे.

आमची ती खोली परळच्या एका बंद मिलच्या आवारात होती. पूर्वी तिथे फोल्डिंग खाते होते; विणलेल्या कापडाच्या घड्या घालून गाठी बांधण्याची जागा. संपानंतर ती मिल पुन्हा धड चाललीच नाही. बरीच वर्षे तिथे कबुतरे राहिली, मग वकील आले, मग काचेच्या भिंती. माझे बाबा पलीकडच्या मिलमध्ये साचेखात्यात मागावर होते. संपात आमचे लालबागचे घर आईने खानावळ काढून तगवले. तिच्या मुलीने कवितेत एम.ए. करावे आणि पुढे पोट वाइनवर भरावे, या गोष्टीशी आईचा समेट अजून झालेला नाही.

माझे काम सल्लागाराचे. लहान वाइनरींना मुंबईत गिऱ्हाईक मिळवून द्यायचे. त्यासाठी वर्षभर नाशिककडे फेऱ्या असतात. हौशी लोक वाइनरीत जातात ते द्राक्षतोडणीच्या दिवसांत. तेव्हा ती नटलेली असते आणि सगळ्या आवारात फसफसणाऱ्या रसाचा गोड, नाकाला चावणारा वास भरलेला असतो. मला ती बारा महिने पाहावी लागते. उन्हाळ्यात खरड छाटणी होते, वेल पार बोडके करतात, आणि उन्हात नुसत्या लाकडाचा वास येतो. पाऊस सरताना गोडी छाटणी. तिच्यावर पुढचे फळ धरते. मग फुलोरा. त्याचा सुगंध इतका हलका की वारा पडल्याशिवाय कळतच नाही. ज्या वाइनरीत मी चारही ऋतूंत गेले नाही, तिची बाटली मी कुणासमोर ठेवत नाही.

शैलजाची वाइनरी मला भर पावसाळ्यात सापडली. कुणी येत नाही म्हणून तिथल्या टेस्टिंग रूमला कुलूप होते. चिखलातून ती मला थेट टाक्यांकडे घेऊन गेली आणि नळाखाली ग्लास धरून तिने तो माझ्या हातात दिला. शेनिन ब्लाँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन होती. ग्लास नाकाशी नेला आणि कच्चा पेरू नुकताच कापल्यावर सुरीला येतो तो वास आला. मागून लिंबाची साल. घोट घेतल्यावर जिभेच्या कडा एकदम जाग्या झाल्या, जणू कुणी पडदे ओढून उजेड आत घेतला. मी निरोप घेऊन गाडीत बसले, ड्रायव्हरला थांबायला सांगितले आणि पुन्हा आत गेले. असे माझ्याकडून क्वचितच होते.

पुढच्या फेऱ्यांत तिची अडचणही कळली. बाग तिचे वडील अण्णा यांची. अण्णा माळकरी, आयुष्यात वाइनला ओठ लावलेला नाही. मुलीच्या हट्टाखातर त्यांनी वाइनची द्राक्षे लावू दिली, पण आता त्यांचा धीर संपत आला होता. मुंबईच्या एखाद्या चांगल्या हॉटेलने माल घेतला तर ठीक. नाहीतर सगळे वेल उपटायचे आणि खाण्याची द्राक्षे लावायची, असे त्यांनी तिला सांगून टाकले होते. वेल उपटणे म्हणजे लेबल संपणे. आणि आम्हाला वेळ देणारे हॉटेल एकच होते. सामंतांचे.

शैलजाच्या वाइनसाठी परळला घेतलेली ही नवी जागा पूजेविना उघडायची नाही, ही अण्णांची अट. ती आम्हाला मान्यच होती. मी स्वतः आदल्या आठवड्यातला दिवस सुचवला होता. पण गुरुजींना मुहूर्त मिळाला तो नेमका टेस्टिंगच्या दिवशी, आणि सामंतांना दुसऱ्या दिवशी परदेशी निघायचे होते. त्यामुळे चौरंगाभोवती केळीचे खांब, त्यापुढे ओळीने मांडलेल्या बाटल्या, प्रत्येकीच्या लेबलावर हळदकुंकवाचे बोट. गुरुजी मोठे समंजस होते. त्यांनी लेबल वाचले नाही. ‘द्राक्षरस’ असा उल्लेख करून ते पुढच्या अध्यायाकडे वळले.

मी पंखे लावले, दोन्ही दारे उघडली. ढग जरा विरळ झाला. सामंतांनी घड्याळ पाहिले आणि आपणच म्हणाले, सुरू करू या. मी त्यांना आधी दोन ग्लास पाणी प्यायला लावले. पण तूप पाण्याने जात नाही. ते जिभेवर अस्तरासारखे बसते. त्यात शिऱ्याची साखर आणि पिकलेले केळे. या धंद्यातला एक साधा नियम असा, की गोड खाल्ल्यावर कोरडी वाइन, म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही अशी वाइन, आहे त्याहून कितीतरी आंबट लागते. पेढा खाऊन संत्रे खाल्ले तर जे होते तेच.

शैलजाने बाटली उघडली. सामंतांनी ग्लास फिरवला, वास घेतला आणि भुवई उंचावली.

“कापूर,” ते म्हणाले.

मग घोट घेतला, थुंकदाणीत टाकला. टेस्टिंगमध्ये घोट गिळत नाहीत, नाहीतर चौथ्या वाइनला माणूस कवी होतो. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

“मॅडम, स्पष्ट बोलू? चिंचेचं पाणी आहे हे.”

शैलजाने वडिलांकडे पाहिले. दाराशी उभ्या असलेल्या अण्णांना वाइनमधले काही कळत नव्हते, पण सामंतांचा चेहरा त्यांना नीट वाचता आला होता. त्यांची नजर खाली गेली. मला उपटलेले वेल दिसू लागले, मुळांना चिकटलेल्या मातीसकट.

मी सामंतांना म्हटले, तुमच्या तोंडात शिरा आहे, मला अर्धा तास द्या. त्यांना हसू आले असावे, कारण ते नाही म्हणाले नाहीत. शैलजाने त्यांना मिलचे आवार दाखवायला बाहेर नेले आणि मी आईला फोन लावला.

साखरेवर उतारा मिठाचा. खारट आणि किंचित आंबट पदार्थ खाल्ला की तीच वाइन मवाळ होते, भरीव लागते. टेस्टिंगच्या शिस्तीत खाद्यपदार्थ बसत नाहीत आणि मासा तर मुळीच नाही. पण या शेनिनची पहिली ओळख झाल्यापासून मला एकाच गोष्टीची आठवण येत होती, आणि ती आईच्या तव्यावर होती. मी तिला विचारले, ताजे बोंबील आहेत का, आणि असतील तर हळद, मीठ, लिंबू लावून रव्यात तळून आणशील का. मात्र तिखट नको. तिखटावर वाइन नुसती जळते.

“तिखाट नाय तर ते बोंबील कसले गो?” आई म्हणाली. “कोण आजारी आसा काय तुझ्या आफिसात?”

“आहे असं समज.”

“मगे पेज आणतंय.”

“आई, बोंबील.”

ती टॅक्सीने आली. डब्यातून वाफेची वाट काढत तो वास आवारात पसरला. तळलेल्या रव्याचा, लिंबाचा, समुद्राचा. हेच. हेच त्या ग्लासात कमी होते. मी डबा घेऊन दाराकडे धावले, तर उंबऱ्यावर अण्णा आडवे उभे.

“ताई, उत्तरपूजा व्हायचीये अजून. देव आत बसलाय. मासा आत न्यायचा नाही.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो ओलांडता येत नव्हता. माझ्यामागे आई उभी होती. तिने पदर सावरला आणि उंबऱ्यापासून दोन पावले मागे सरली.

“बरोबर बोलतत ते,” ती मला म्हणाली. मग अण्णांना म्हणाली, “तुमचो देव आत, माझे बोंबील भायर. आमचा भांडाण नाय.”

अण्णांनी तिला हात जोडले. आणि त्या क्षणी मला लख्ख दिसले, की आतापर्यंत मी चुकीची वस्तू हलवत होते.

“अण्णा, मासा आत येणार नाही,” मी म्हटले. “वाइन बाहेर येईल. चालेल?”

त्यांनी थोडा विचार केला. प्रसाद बाहेर नेता येतो, तर द्राक्षरस का नाही, असे काहीसे पुटपुटले आणि स्वतःच ग्लासांचा ट्रे उचलून दारात आणला.

फोल्डिंग खात्याबाहेर दगडी ओटा होता. पूर्वी त्यावरून कापडाच्या गाठी ट्रकमध्ये चढवत. आम्ही त्यावर पांढरी चादर अंथरली. संध्याकाळचे वारे शिवडीकडून येत होते. त्यात किंचित खारेपणा होता आणि धुपाचा मागमूस नव्हता. सामंत आले, चादरीकडे पाहिले, डब्याकडे पाहिले. ही टेस्टिंगची पद्धत नव्हे, असे त्यांनी मला ऐकवले. मी मान्य केले आणि लिंबाची फोड पिळली.

त्यांनी बोंबील मोडला. वरचे कवच कुरकुरले, आतला पांढरा गर जेमतेम हातात राहिला. तो त्यांनी खाल्ला. मग ग्लास उचलला. या वेळी वास घ्यायला ते जास्त वेळ थांबले. घोट घेतला. थुंकदाणी त्यांच्या शेजारीच होती. तिच्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

शैलजा भरलेला ग्लास हातात घेऊन उभी होती. मीसुद्धा.

“ही दुसरी बाटली आहे का?” त्यांनी विचारले.

“नाही सर. तुमच्यासमोर उघडलेली, तीच.”

“मघाशी मी चिंच म्हणालो.”

“मघाशी शिरा बोलत होता.”

ते मोठ्याने हसले. दुसरा बोंबील घेतला, ग्लास पुढे केला. पेरू, म्हणाले, नाही, पेरूचं पान. मग शैलजाला प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. द्राक्षे कधी तोडली, टाकी किती थंड ठेवली, पुढच्या वर्षी अशीच देता येईल का. ती भराभर उत्तरे देत होती, आणि बोलता बोलता तिने आपल्या ग्लासातली सगळी वाइन पिऊन टाकली. टेस्टिंगमध्ये तिला गिळताना मी प्रथमच पाहिले. आई ओट्याच्या कडेला बसून हे सगळे न्याहाळत होती. तिने सामंतांना मधेच विचारले, गाव कोणते. मालवणजवळचे निघाले. मग तिने उरलेला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

शैलजाची दुसरी वाइन, रेड, सामंतांनी चाखली ती केवळ सभ्यतेपोटी. ती त्यांनी घेतली नाही. शेनिन मात्र हॉटेलच्या माशांच्या रेस्टॉरंटसाठी घेतली, आणि मेनूत तिच्यासमोर एकच पदार्थ सुचवलेला असेल असे सांगितले. अण्णांनी शब्द पाळला, तोही हिशेबाने: शेनिनचे वेल राहिले, रेडचे त्याच मोसमात उपटले गेले. शैलजाला त्याचे वाईट वाटले. मला फारसे नाही. त्या रेडला मी वर्षभर समजून घ्यायचा प्रयत्न केला होता.

आता मी हॉटेलांतल्या नव्या लोकांना वाइन वाढायला शिकवते. त्यांना पहिल्या दिवशी ग्लास कसा धरावा ते सांगत नाही. पाहुण्यासमोर ग्लास ठेवण्याआधी, आपण काय खाऊन आलात, हे अदबीने विचारा, असे सांगते. उत्तर खरे मिळेलच असे नाही. पण प्रसाद खाल्ला असेल, तर लोक खोटे बोलत नाहीत.