मुहूर्ताचं खोकं

"खा," मालक म्हणाला.

त्याच्या हातात सीताफळ होतं. काळं पडलेलं, दगडावाणी कडक, देठाशी पांढरी बुरशी. ते त्यानं माझ्या तोंडाजवळ आणलं. टेबलाभोवती आम्ही चौदा बायका उभ्या. खुर्चीवर मुंबईचा साहेब, ज्याच्या कंपनीमार्फत आमचा माल दुबईले जाते तो. टेबलावर एक टाईप केलेला कागद, कागदावर पेन.

"खा न वो. सात नंबर कोणाचा आहे? तुझाच न? मंग तूच खाऊन दाखव. दुबईवाल्यायले खाऊ घालून राहिली होती न?"

दोघीतिघी हसल्या. मालक बोलला की हसाचं, हे पॅकहाऊसात कोणी शिकवत नाई. आपोआप येते.

मी खाल्लं नाई. पण ते काळं फळ माझ्या तोंडापर्यंत आलं कसं, ते आधी सांगते.

माझं माहेर आंबागडचं. किल्ल्याच्या खाली घर. पहाडावर सीताफळाची झाडं, कोणी लावली नाई, कोणी पाणी घातलं नाई, आपोआप झालेली. माझी माय टोपलं घेऊन पहाड चढे आणि तुमसरच्या बाजारात नेऊन विके. तिनंच मले शिकवलं. सीताफळाच्या अंगावर जे फुगीर डोळे असतात, त्यायच्या मधल्या फटी पाहाच्या. फट बुजलेली, हिरवी असली, तर फळ कितीही मोठं असो, तोडाचं नाई. ते पिकतच नाई, काळं पडून दगड होते. फट रुंदावली, आत पिवळसर पांढरं दिसलं, की तोडाचं. "मोठं पाहू नको, डोळा पाहा," माय म्हणे. बस, एवढीच विद्या. पण अंगात यायले दहा वर्षं लागतात. मालकाची एवढी मोठी बाग, त्याले आजपर्यंत नाई आली.

लग्न होऊन मी आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरकडे आली. हायवेले लागून मालकाची सीताफळाची बाग, बागेतच पॅकहाऊस. तिथं निवडीच्या टेबलावर मी लागली. माल आला की पाहाचा, कच्चा बाजूले काढाचा. ब्रशनं फटीतली पांढरी कीड झाडाची. फळाले फोमची जाळी घालाची. एका खोक्यात बारा फळं, एकच थर. आणि खोक्यावर भरणारीच्या नंबराची चिठ्ठी, म्हणजे पुढे काही वाईट निघालं तर कोणाच्या हातचं ते कळते.

माझा नंबर सात. तीन हंगामात सात नंबरचं एकही खोकं नापास झालं नाई. नंतर तर मुंबईवाले सात नंबर उघडूनही पाहत नव्हते, तसंच विमानात चढवत. दुसऱ्या पॅकहाऊसवाले विचारत, ती सात नंबरवाली बाई कोण? नवरा गेला होता, शेत नव्हतं, शाळा सातवीतच सुटलेली. माझ्याजवळ नंबर होता. मी आणि माझी पोरगी त्याच्यावर जगत होतो.

आता हातमोज्यायचं ऐका.

भिंतीवर पाटी होती, सगळ्यांनी टोपी व हातमोजे घालावे. टोपी सगळ्यायले भेटली. हातमोजे आम्हा पाचजणीयलेच. विहाराकडच्या पाच. बाकीच्या नऊजणी उघड्या हातानं, बांगड्या वाजवत काम करत. साहेब येणार असला की त्या दिवशी सगळ्यायच्या हातात मोजे. साहेब गेला की नऊ जोड परत डब्यात.

पहिल्या वर्षी मी खूश होती! मले वाटलं, आपलं काम नाजूक, जबाबदारीचं, म्हणून मोजे. घरी येऊन पोरीले सांगतलं, "मालकानं मले मोजे देल्ले, बरं का." अशी माझी अक्कल. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावं वाटते.

मंग एकदा कौसल्याच्या हाताले खरूज झाली. कौसल्या म्हणजे चार नंबर, गावातल्या शेतीवाल्या घरची, माझ्या बाजूलेच उभी राहाची. बोटायच्या बेचक्यात फोड, रात्रंदिवस खाजवून राहिली बिचारी. ती मालकाच्या माईजवळ गेली. तिले सगळे मोठ्याबाई म्हणत, मोज्यायचा डबा तिच्याच ताब्यात होता. कौसल्या म्हणाली, मलेही एक जोड द्या.

मोठ्याबाई म्हणाली, "तुले कायले पाहिजे वो? ते त्यायचे आहेत. तुझा हात चालते आम्हाले."

मी चार हातावर उभी होती. नीट ऐकलं.

खरजेचा हात चालते. साबणानं धुतलेला माझा हात नाई चालत. आणि खाणार कोण? दुबईचा माणूस, ज्याले कौसल्या माहीत नाई आणि मीही माहीत नाई. पण खोक्यात न बसणारा माल मालकाच्या घरी जाते न, त्याची रबडी होते. रबडीले आमचा हात लागू नये म्हणून पाटीवरचा नियम कामाले लावला होता. वा रे वा. बाहेर विमानं उडवतात, आत चुलीजवळ तेच जुनं.

त्या दिवशी मी काही बोलली नाई. हेही लिहून ठेवते, लपवत नाई. मोजे घातले, काम केलं. मनाले समजावलं, हात त्यायले नाई चालत तर नको चालू, नंबर तर आपला आहे.

चौथा हंगाम लागला. मालकाच्या घरची रीत अशी, की हंगामाचं पहिलं खोकं घरच्या माणसानं भराचं. मुहूर्ताचं खोकं. त्या दिवशी आम्हा पाचजणीले निरोप यायचा, पूजा होतपर्यंत गेटाबाहेर थांबा. दरवर्षी थांबत होतो. गेटासमोर चिंच आहे, तिच्याखाली. येणारेजाणारे पाहत, काहून उभ्या असतील ह्या? काही विचारत. काय सांगणार?

त्या सकाळी चिंचेखालून सगळं दिसून राहिलं होतं. मालक, त्याची बायको, मोठ्याबाई बागेत शिरले. कडेच्याच झाडावरची सगळ्यात मोठी बारा फळं तोडली. हिरवीगार. फटी बुजलेल्या, एवढ्या दुरून मले दिसत होत्या. मी बाजूच्या बाईले म्हटलं, "अवो, ह्या फळायचा डोळा उघडलाच नाई. हे कसं पिकन?"

ती म्हणाली, "चूप बस वो माय. पूजा आहे त्यायची."

नारळ फुटला. फळायवर हळदकुंकू, खोक्यावर हळदकुंकू. चांगलं मूठभर. मंग अडलं एक. नंबराच्या चिठ्ठीशिवाय खोकं गाडीत चढत नाई, आणि घरच्या माणसायले नंबर कुठला? कारकुनानं मालकाले विचारलं. मालक काय म्हणाला ते कौसल्यानं त्याच दुपारी मले सांगतलं, हसत हसत, गंमत म्हणून. मालक म्हणाला, "सात लाव. सातचं कोणी उघडत नाई."

मी गेटाबाहेर उभी होती आणि माझा नंबर आत पूजेत बसला होता. बाटला नाई तो!

कौसल्या हसली, तशी मीही हसली. खोकं एकच आहे, जाऊ दे म्हटलं. ही माझी दुसरी अक्कल.

मुंबईच्या गोदामात तपासणाऱ्यानं नेमकं तेच खोकं बाजूले काढलं. सातची चिठ्ठी होती तरी काढलं, कारण त्याच्यातून लाल-पिवळी पूड सांडून राहिली होती. फळाले काहीतरी लागलं म्हणून आमची गाडीच्या गाडी अडवून ठेवली. खाण्याच्या मालात मूठभर कुंकू टाकून परदेशी धाडते, असा हुशार व्यापारी आमच्याच नशिबी. चार दिवसात बाकीच्या खोक्यायतली फळं पिकून, फुटून गेली. मुहूर्ताची बारा मात्र तशीच राहिली, काळी, टणक. साहेब ते खोकं घेऊन स्वतः आला.

आणि मंग तो कागद. कागदावर होतं, सात नंबरच्या बाईनं कच्चा व घाण माल भरला, तिनं चूक कबूल केली, यापुढे तिले निवडीवर ठेवणार नाई. खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली की साहेबाची कंपनी माल घेत राहाणार, मालक सुटणार. माझा नंबर मात्र मेला. मंग या भागातल्या कोणत्याच पॅकहाऊसनं मले निवडीच्या टेबलाजवळ उभं केलं नसतं. झाडू देल्ला असता हातात.

तर मालक म्हणाला, "खा." मी तोंड बाजूले केलं.

"साहेब," मी म्हटलं, "ते खोकं टेबलावर ठेवा."

मालकानं डोळे मोठे केले. साहेबानं पायाजवळचं खोकं उचलून वर ठेवलं.

"हे लाल काय आहे, साहेब?"

"कुंकू," साहेब म्हणाला.

"मी बौद्ध आहे. माझ्या घरी कुंकवाचा करंडा नाई. हे खोकं भरलं तेव्हा मी गेटाबाहेर चिंचेखाली उभी होती. ह्यायनंच उभी केली होती, माझ्या हातानं पूजा बाटते म्हणून. ज्या खोक्याले मले हात लावू देल्ला नाई, ते माझं कसं?"

मोठ्याबाई दारातून ओरडली, "तोंड पाहा हिचं! खाऊन खाऊन मस्ती आली."

मी कौसल्याकडे वळली. "कौसल्या, तू सांग. सातची चिठ्ठी लावा म्हणून कोण म्हणालं?"

कौसल्यानं पदर सारखा केला. खाली पाहिलं. "मले नाई माहीत, बाई."

मालक जवळ आला, आवाज खाली घेतला. समजूतदार झाला एकदम. "अवो, कायले वाढवून राहिली? सही कर, मोकळी हो. बागेत निंदणाचं काम देतो तुले. उपाशी नाई मरू देत मी कोणाले."

किती उपकार! माझ्याच नंबराच्या मढ्यावर उभा राहून मले निंदण देत होता.

साहेबानं घड्याळ पाहिलं. "हे बघा, तुमचं आपसातलं तुम्ही मिटवा. मला जातपात वगैरे कळत नाही. मला ऑफिसात कागद दाखवायचा आहे. सही कोणाचीही चालेल."

म्हणे जात कळत नाई याले. त्याच्या बुटाले कुंकू लागलं होतं, खोक्यातून सांडलेलं, तेही त्याले दिसलं नाई.

"मंग मालकाची घ्या," मी म्हटलं. "कुंकू त्याचं आहे."

आणि मी हातमोजे काढले. दोन्ही. त्या कागदावर ठेवले. टेबलावर सकाळचा ताजा माल होता, भरलेला कॅरेट. मी उघड्या हातानं पहिलं फळ उचललं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर सीताफळाचा थंडपणा माझ्या तळहाताले लागला. रडू आलं होतं, पण रडली नाई, त्या माणसासमोर तर नाईच.

"हे पिकते," मी म्हटलं. "हे नाई. हे पिकते. हे नाई. हे उद्याच फुटन, हे दुबई पाहत नाई."

"हात नको लावू!" मोठ्याबाई किंचाळली. "अरे, कोणी धरा तिले!"

धरणार कोण? धरायसाठी मले शिवावं लागलं असतं.

अख्खा कॅरेट मी दोन ढिगात लावला. मालक मोज्यायकडे पाहत होता. साहेब मात्र पुढे वाकून ढिगाकडे पाहत होता, कोणती पिकतात ते शिकून घ्यावं म्हणून. हावरट मेला. शेवटचं फळ ठेवलं आणि मालकाले म्हटलं, "तुमच्या हातातलं तुम्ही खा. तुमच्या मुहूर्ताचं आहे."

सही केली नाई. पदराले हात पुसले आणि चालू लागली. विहाराकडच्या दोघी माझ्यामागं आल्या, दोघी राहिल्या. त्यायले मी नावं ठेवत नाई, लहान लेकरं होती घरी. हसणाऱ्यायले मात्र ठेवते. मेल्यावरही ठेवीन.

पहिले काही महिने वाईट गेले. ते रंगवून सांगाची मले हौस नाई. आता आम्ही तिघी आंबागडच्या पहाडावरचा माल आणतो, विहाराच्या ओसरीत निवडतो. मोहल्ल्यातल्या पोरी येऊन बसतात, त्यायले फटी दाखवतो, फळ हातात देतो. नागपूरचा एक व्यापारी नेते. खोक्यावर नंबर नाई लावत मी. पूर्ण नाव लिहिते, आडनावासकट. ज्याले बाटाची भीती असन त्यानं दुरूनच वाचावं.

मागच्या हंगामाच्या तोंडावर कौसल्या आली. ओसरीच्या खालीच उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाई.

"मालक बोलावून राहिले तुले," ती म्हणाली. "गेल्या साली लय खोकी परत आली वो. यंदा हातमोजे सगळ्यायले देऊन राहिले. मलेही देल्ले."

"बरं झालं. आणि मुहूर्ताचं खोकं?"

कौसल्या जमिनीकडे पाहू लागली. "ते तर घरचेच भरतीन न बाई. त्यायची रीत आहे."

"मंग जाऊन सांग तुझ्या मालकाले," मी म्हटलं. "जिथं पहिल्या खोक्याले माझा हात चालत नाई, तिथं शेवटच्या खोक्यालेही तो लागणार नाई. डोळा पाहाले शिकव म्हणन, तर तेही नाई शिकवत. दगड भरा म्हणा. कुंकू लावून."