वॉकर आणि आतली कडी

खुब्याचं हाड मोडलं, कराडच्या डॉक्टरांनी आत स्टीलचा गोळा बसवला, ते दुखणं मी सोसलं. सोसलं नाही ते दुसरंच. आमचा संडास अंगणाच्या त्या टोकाला. जायचं म्हणजे सुनेला हाक मारायची. ती म्हशीच्या धारेला बसलेली असली तरी उठून यायची, मला धरून न्यायची आणि उघड्या दारात उभी राहायची. बिचारी कधी कुरकुरली नाही, पण मी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं.

मुलगा फौजेतनं रिटायर. त्यानं सांगलीहून वॉकर आणला, चार पायांचा, चकचकीत. लगेच शिकवणी सुरू. "आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. एक, दोन, तीन!"

"आरं, मी काय तुझ्या पलटणीतली हाय व्हय?"

चौथ्या पावलाला वॉकर फरशीवर सटकला. त्यानं धरलं म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी तेच. मग वॉकर भिंतीला लागला आणि त्यावर टॉवेल वाळू लागले.

एकदा शेजारची भाभी बघायला आली. तिचे मालक सुतार, त्यामुळं कुठलीही वस्तू उलटी करून बघायची तिला सवय. वॉकर उलटा केला आणि हसतच सुटली. "आवं मावशी, ह्याच्या पायाचं प्लॅस्टिक कुनी काढायचं?"

खरंच की! चारी रबरांवर कंपनीची पिशवी तशीच. आमच्याकडं नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायची रीतच नाही. सुनेनं तर ते निघू नये म्हणून वर दोरा गुंडाळलेला. भाभीनं विळा मागून घेतला आणि चारी दोरे कापले.

आठ दिवस घरातल्या सोप्यात सराव केला. नवव्या दिवशी सून धारेला, मुलगा उसाला पाणी द्यायला. मी हाक मारली नाही. उंबऱ्याशी लय वेळ उभी राहिले. मग वॉकर उचलून पलीकडं टेकवला, दाबून बघितला. हलला नाही. दुखरा पाय, मग चांगला. अंगण ओलांडलं, आत गेले आणि कडी घातली.

थोड्या वेळानं बाहेर सुनेची एकच पळापळ. "आत्या! आवं आत्या! कुटं गेल्या ह्या?"

"मेले न्हाई गं, हितं बसलीया!"

"कुनी आणलं तुमाला?"

"माझी मी आले. जा, म्हस खोळंबली असंल."

ती दाराशीच घुटमळली. "कडी तरी काडा."

"न्हाई काडत, जा!"

हसत हसत तिची पावलं गोठ्याकडं गेली. मी मात्र उठले नाही. कितीतरी महिन्यांनी दार लागलं होतं. म्हटलं, आता आपल्याला कसली घाई?