खिडकीतली काकडी

मोखाड्यात शिक्षिका म्हणून आले तेव्हा पहिलं वर्ष नागलीची भाकरी आवडीने खाण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी जिभेचे चोचले परत आले. एका रविवारी फोनवर चिकन सॅलड करताना कुणीतरी दिसलं, एशियन की कायसं, सगळं कच्चं आणि कुरकुरीत, आणि मला दुसरं काही सुचेना.

सोया सॉस आणि व्हिनेगर नाशिकहून आणून ठेवलेलं होतं. बाजारातून कोंबडी आणली, उकडली, हाताने तिचे दोरे काढले. कोबी केसासारखा बारीक चिरला. गाजर किसलं, शेंगदाणे आणि तीळ भाजले, शेवया तेलात सोडल्या तशा त्या फुलून वर आल्या. आलं, मध, सॉस, व्हिनेगर एका बरणीत घालून खळखळा हलवलं. चव घेतली. बरी होती, पण दाताखाली हवा तसा गारवा नव्हता. काकडी हवी होती आणि बाजारात काकडी नव्हती.

घरमालकांचा वेल माझ्या खिडकीच्या गजांवर चढला होता. त्याला एकच काकडी धरली होती. वहिनींनी, म्हणजे मालकीणबाईंनी, मला सांगून ठेवलं होतं, ‘बाई, नजर ठेवा हां, वांदरं लय येतात.’ मी नजर ठेवलीच होती. हात गजातून बाहेर काढला आणि तोडली. आपल्या खिडकीत आलेलं ते आपलंच, इतका सोपा हिशेब.

सॅलड झकास झालं. निम्मं मी उभ्याउभ्याच खाल्लं आणि वाडगाभर घेऊन मोठ्या दिमाखात मागच्या दारी गेले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वाडग्यात पाहिलं, हसल्या. ‘कोंबडीची कोशिंबीर केली काय?’ मग त्यांचं बोट हिरव्या फोडीपाशी थांबलं. ‘ही आमच्या वेलाची?’

‘हो, अगदी कोवळी होती,’ मी म्हणाले.

त्यांनी वाडगा हळूच माझ्याकडे सरकवला. ‘आम्ही नवं नाय केलं अजून.’

नवं मला माहीत होतं. गेल्या वर्षी भाताचं नवं केलं तेव्हा याच घरात पानावर बसून जेवले होते. नव्या पिकातलं पहिलं देवाला आणि वाडवडलांना दाखवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नाही, हे तेव्हा मी वर्गात मुलांना नीट समजावूनही सांगितलं होतं. पण ते भाताचं असतं, काकडीचं कशाला असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. विचारायचं सुचलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्यांच्या सासूबाई खिडकीकडून आल्या. आजींना कमी दिसतं, त्या रोज वेलाला हात लावून काकडी केवढी झाली ते बघायच्या. ‘काकडी नाय गं तिथं. मी येत्या रविवारी नवं करायचं म्हणत व्हतू.’

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘वांदरानं नेली असल.’

आजी ओट्यावर टेकल्या. चिडतील असं वाटलं होतं, आणि चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘नेली तं नेली,’ त्या म्हणाल्या. ‘भुकेला असल बिचारा. भुकेल्यानं खाल्लं तं देव काय बोलत नाय.’

वहिनींनी मला वाचवलं होतं, गप्प बसले असते तर विषय तिथेच संपत होता. वाडगा मी पदराआड धरला होता आणि तिळाचा वास सगळीकडे पसरला होता.

‘आजी, वांदर नव्हतं. मी तोडली,’ मी म्हणाले.

आजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. ‘घरात काय नव्हता काय गं खायला? मागायचा व्हता, पोरी.’

‘होतं, आजी. सगळं होतं.’

‘मंग कशाला तोडलीस?’

वहिनी तांदळातून खडे वेचत राहिल्या.

‘कुरकुरीत लागते म्हणून,’ मी सांगितलं.