तांबेमामांचे चार तास

तांबेमामा नव्या माणसाला नाव-गाव विचारत नसत. पहिला प्रश्न एकच, आणि तोही दरडावून: "काल किती तास झोपलास?" रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी बुकिंगला लागले, त्या दिवशी मलाही त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, पाच. "मंग आज चार्ट लिवू नको. येकाची शीट दुसऱ्याला देशील," असं खेकसून ते गाडीकडे गेले. मला भयंकर राग आला. संध्याकाळी अकरा नंबरच्या सीटवरून दोन माणसं भांडायला आली, तेव्हा तो आणखी वाढला.

मामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. देवरूखकडच्या एका बौद्धवाडीतले, बुटके, इस्त्रीचा शर्ट घालणारे, आणि आवाज असा की हॉर्नची गरज पडू नये. परत गावी येण्याआधी सोळा वर्षं त्यांनी बहारीनला बस चालवली होती. तिथल्या रेसच्या ट्रॅकवर दर वर्षी लांब पल्ल्याच्या मोटार शर्यतींचा हंगाम संपतो. त्या आठवड्यात परदेशी मेकॅनिकांना हॉटेलातून ट्रॅकवर न्यायचं काम मामांच्या बसकडे असे. बाकीचे गाड्यांचा वेग बघून यायचे. मामांनी तिथून एक वेगळीच गोष्ट उचलली.

"येका गाडीला तीन ड्रायव्हर, बाय! तीन!" असं म्हणून ते माझ्या टेबलावर तीन बोटं आपटत. "फ्रान्सला चोवीस तासांची शर्यत. पण सा तासांत येका मानसानं चार तासांच्या वर चालवलान, तर सजा हाय. तो राजा असूं दे नायतर राजाचा जावई. नि आमचा शेठ काय म्हणतो? चहा पी नि बस."

फोनवर ते अख्खा हंगाम बघत. शिमग्याच्या आधी कतार, आंबा पेट्यांत भरायच्या दिवसांत इटली आणि बेल्जियम, जूनमध्ये फ्रान्स, मग ब्राझील, अमेरिका, जपान, आणि दिवाळीच्या सुमाराला बहारीन. कोण जिंकलं हे विचारलं तर त्यांना धड सांगता येत नसे. कुठला ड्रायव्हर किती वेळ बसला आणि कधी उतरला, एवढं मात्र तोंडपाठ. स्वतःलाही त्यांनी चार तासांचा नियम लावून घेतला होता. मुंबईच्या वाटेवर चार तास झाले की गाडी बाजूला, आणि मामा मागच्या बाकावर तासभर आडवे. प्रवासी शिव्या द्यायचे, ऑफिसला फोन करायचे, ते फोन मी घ्यायचे. रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेकांचा राग स्वतःपुरता असतो. मामांचा राग छत्तीस प्रवाशांसाठी होता आणि त्या छत्तीसांना तो अजिबात नको होता.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती लपवून मामांबद्दल लिहिणं म्हणजे शुद्ध बनवाबनवी होईल. एवढ्या लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असायला हवेत. आमच्या गाड्यांवर एकच असे. ड्युटीच्या कागदावर दुसऱ्या ओळीत मी 'कदम' असं लिहायची. कदम नावाचा ड्रायव्हर होता खरा, पण तो वर्षापूर्वीच नोकरी सोडून दापोलीला कलमांच्या नर्सरीत लागला होता. कागदावर मात्र तो रोज मुंबईला जाऊन येत होता. शेठ म्हणायचे, "तुम्हाला काय, नाव तर लिहायचंय." मी लिहायची. मामा कागद बघून दर वेळी भडकायचे. "ह्या कदमाला येकदा तरी माज्या बाजूला बसव गो! दोन घोट चहा पाजीन म्हणतंय त्येला." मी हसायची. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

त्या वर्षी जपानची शर्यत गणपतीतल्याच एका रविवारी आली. गौरी गेल्या होत्या, चाकरमानी परत निघाले होते. मामांची मुंबईहून येणारी गाडी महामार्गावरच्या कोंडीत अडकून सकाळी साडेसातला पोचली. आदल्या संध्याकाळी चारपासून तो माणूस स्टेअरिंगवर होता. कोंडीत गाडी बाजूला घ्यायला जागाच नव्हती, त्यामुळे मध्ये झोप फक्त एक तास. आणि आठच्या परतीच्या गाडीला ड्रायव्हर नव्हता. शेठचा फोन आला, "तांब्यांना बसवा. चहा पाजा."

मामांनी चहा घेतला नाही. ते भरलेल्या गाडीच्या दारात जाऊन उभे राहिले. "मी काल चारपासून गाडी चालवतंय," ते म्हणाले. "माजे डोळे बगा. तुमच्यातल्या येकानं उठून सांगा, की ह्या मानसाच्या हातात मी माजी पोरं देतो. लगेच गाडी काढतो."

कोणी उठलं नाही. पण गप्पही कोणी बसलं नाही. "उद्या ड्युटी आहे आमची!" "तोंडावर पाणी मारा मामा, होतं सगळं." एकाने दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून ड्रायव्हरचं आडनाव विचारलं. मी सांगितल्यावर तो म्हणाला, "तरीच. अशा लोकांना डोक्यावर बसवलं की हे असंच व्हायचं." 'अशा' म्हणजे कशा, ते मामांना कळलं आणि मलाही. मामा त्याच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि ऑफिसातल्या बाकावर बसून फोनवर शर्यत लावली. जपानमध्ये शर्यत नुकती सुरू झाली होती. बाहेर तमाशा चालू असताना तासाभराने त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर एक ड्रायव्हर गाडीतून उतरत होता, दुसरा आत शिरत होता. "बग. जगातला अव्वल नंबरचा मानूस हाय. उतरला म्हणून हसला काय कोण त्येला?"

तेवढ्यात शेठ आले. पुण्याची गाडी घेऊन सकाळीच पोचलेल्या घाग नावाच्या ड्रायव्हरला त्यांनी त्या गाडीवर बसवलं. तोही रात्रभर जागा. दुसऱ्या ओळीत मी 'कदम' लिहिलं. गाडी संध्याकाळी सुखरूप मुंबईला पोचली.

हो, पोचली. अपघात झाला नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच शेठच्या पथ्यावर पडलं. "काय झालं? पोचली ना गाडी?" असं सगळ्यांना ऐकवत त्यांनी मामांना काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आपला डबा न्यायला आलेले मामा मला म्हणाले, "पोचली ह्यो पुरावा नाय, बाय. डोळे मिटून रस्ता वलांडलास नि वाचलीस, म्हणून काय डोळे मिटूनच चालायचं?"

मामांनी कामगार कार्यालयात तक्रार केली. पहिल्याच तारखेला शेठ वर्षभराचे ड्युटीचे कागद घेऊन आले. मामांनी माझ्याकडे एकच मागणं केलं होतं: खरं सांग. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "गाडीवर दुसरा ड्रायव्हर असायचा?"

मी म्हटलं, "हो."

माझ्या घरात कमावणारी मी एकटी. सबब खरी आहे, पण ती सबबच. बाहेर आल्यावर मी मान खाली घालून उभी राहिले. आता आवाज चढेल, अख्खं रत्नागिरी ऐकेल, असं मला वाटलं. मामा माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "घरी जा गो. दमलेली दिसतेस."

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, घरातच त्यांची छाती दुखायला लागली. देवरूखच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बहारीनची शर्यत दोन दिवसांवर आली होती.

वाडीतल्या विहारात मामांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला शेठ आले. मोठा हार घेऊन आले. बोलायलाही उभे राहिले. तीस वर्षांत एक अपघात नाही, म्हणाले. आमच्या प्रत्येक गाडीवर दोन ड्रायव्हर असतात, ही शिस्त तांब्यांमुळेच लागली, असंही म्हणाले.

मी उठले. "खोटं आहे हे. दुसरा ड्रायव्हर कधीच नव्हता. कदम हे नाव मी लिहायची, ह्यांच्या सांगण्यावरून. मामांची नोकरी गेली ती खरं बोलल्याबद्दल, आणि साहेबांपुढे मी खोटं बोलले म्हणून ती परत मिळाली नाही." शेठ हार तसाच खुर्चीवर टाकून निघून गेले. माणसं माझ्याकडे बघत होती. काहींनी माना डोलावल्या. खरं सांगते, मला क्षणभर हलकं वाटलं.

मग सुमनमामी, मामांची बायको, माझ्याजवळ आली. "ह्ये तवा का नाय बोललीस?" तिने विचारलं.

"मरेपर्यंत सगळ्यांवर वराडत व्हते," मामी म्हणाली. "शेठवर, माज्यावर, फोनातल्या त्या गाड्यांवर पन. तुजं नाव निघालं की तेवडे गप बसायचे."