तात्या, आक्का आणि डॉक्टरांचा दिवा

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला औषधांची नावं आठवत नाहीत, पण पेशंट काय बोलला ते काही केल्या विसरत नाही. मंगळवार पेठेत कातडीच्या डॉक्टरांकडं मी पंधरा-सोळा वर्षं सिस्टर होते. आता कुठल्या लग्नात जुनी मंडळी भेटली की कुणीतरी म्हणतंच, "सिस्टर, तो दिव्याचा किस्सा सांगा की!" एक सांगितला की दुसरा आपोआप येतो, आणि तोवर पंगत उठलेली असते.

दिवा म्हणजे आमच्या डॉक्टरांनी दोन हजार सालानंतर हौसेनं आणलेलं मशीन. उन्हानं कातडीवर खरखरीत डाग पडतात. सोडून दिले तर त्यातल्या एखाद्याचा पुढं कॅन्सर होऊ शकतो. अशा डागावर मलम लावायचं, चांदीच्या कागदानं तीन तास झाकायचं आणि मग लाल दिव्याखाली धरायचं. उजेड पडला की मलम कामाला लागतं.

आमच्याकडं असे डाग घेऊन आले ते शिरोळकडचे तात्या आणि त्यांची थोरली बहीण आक्का. दोघंही जन्मापासून पांढरी. केस, भुवया, सगळंच. ऊन सोसायचा रंगच कातडीत नाही, आणि जन्म गेला उसात आणि बाजारात!

* * *

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तात्या, उन्हात टोपी घालता ना?"

"घालतो की! लगीन झाल्यापास्नं!" म्हणत तात्यांनी खिशातून पांढरी गांधी टोपी काढली.

"अहो, हिला कड कुठंय? कान, नाक, गाल, सगळं बाहेरच!"

"डाक्टर, टोपी डोक्याची आस्ती. नाकाला कोन घालतंय?"

पुढच्या खेपेला मात्र तात्या मोठ्या कडेची पांढरी हॅट घालून आले. गावच्या क्रिकेट टीमकडून मागून आणली होती. गावानं लगेच नाव पाडलं, अंपायर! बांधावरून दोघांचं भांडण लागलं तर लोक तात्यांना बोलवायला लागले.

"आन् मग?" मी विचारलं.

"मग काय! बोट वर करतो आन् घरला येतो."

* * *

मलम लावून तीन तास बसायचं म्हणजे तात्यांना शिक्षा. कपाळावर, नाकावर, दोन्ही गालांवर चांदीचा कागद चिकटवलेला, आणि ते बाकड्यावर मांडी घालून पेपर वाचतायत.

त्या दिवशी मुरमांसाठी एक नवरी मुलगी आली होती. आठ दिवसांवर लग्न. ती बराच वेळ तात्यांकडं बघत होती. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, हे चांदीचं फेशियल मलापण करा की! बघा ना, काका किती गोरे झालेत!"

तात्यांनी पेपर खाली केला. "पोरी, ह्यो कलर आईच्या पोटातनं आनलाय. हितं घालवायला आलोय!"

* * *

दिवा लागला की डागांची आग आग व्हायची. मी हातपंख्यानं वारा घालायची. एकदा फार भाजलं तेव्हा तात्यांच्या तोंडून कन्नडमध्ये एक जोरदार शब्द निघाला. त्यांच्या घरात दोन्ही भाषा चालायच्या, पण राग कन्नडमध्येच यायचा. मी सीमेवरच्या गावची, मला कळला. डॉक्टर मूळचे पुण्याचे, त्यांना नाही.

"सिस्टर, काय म्हणाले?"

आता काय सांगू? म्हटलं, "वारा घाला, म्हणाले."

डॉक्टरांना कन्नड शिकायची भारी हौस. त्यांनी डायरी काढली आणि शब्द लिहून घेतला!

पंधरा दिवसांनी निपाणीहून एक रिटायर्ड हेडमास्तर आले. धोतर, काळा कोट, घामाघूम. डॉक्टरांनी त्यांना आदरानं खुर्ची दिली, माझ्याकडं वळले आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "सिस्टर, सरांना जरा..." आणि तो शब्द!

हेडमास्तर उठून उभे राहिले.

"डॉक्टर, आपलं शिक्षण कुठं झालं?"

डॉक्टर अभिमानानं म्हणाले, "पुण्यात!"

"हां. मग बरोबर," म्हणून हेडमास्तर खाली बसले.

* * *

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. तात्या काळा गॉगल लावून दिव्याखाली झोपलेले, दात घट्ट आवळलेले, आणि मध्येच लाईट गेली. डॉक्टर अंधारात इन्व्हर्टरचं बटण चाचपडायला लागले.

तेवढ्यात तात्यांचा आनंदी आवाज आला. "डाक्टर, आग एकदम गेली की! काय गुण हाय मशीनला!"

"तात्या, गुण नाही. लाईट गेलीय."

"मग ऱ्हाऊ दे की तशीच!"

* * *

आक्का मात्र आपणहून कधीच आली नाही. तात्यांनीच तिला ओढून आणलं. तिच्या खालच्या ओठावर एक डाग होता, बरेच महिने भरत नव्हता. आक्का बाजारात भाजी विकायची, ओठावर पदर धरून.

डॉक्टरांनी तो डाग बोटानं दाबून बघितला. दिव्याचं नावसुद्धा काढलं नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तात्या रोज एसटीडी बूथवरून फोन करायचे आणि आक्काचं सोडून माझ्या पोरांची चौकशी करायचे. मीही रिपोर्टचं सोडून उसाचं विचारायची.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. कॅन्सर नव्हता. अगदी उंबऱ्यावर होता, पण आत आला नव्हता. दिव्यानं भागण्यासारखं होतं. सांगताना डॉक्टर परत चष्मा पुसायला लागले.

आक्का बघतच राहिली. "कॅन्सर न्हाय म्हंता, मग तोंड का पाडलंय?"

"आनंद झालाय, आक्का."

"आमच्यात आनंद झाला की हसत्यात."

तात्या भिंतीकडं तोंड करून उभे होते. ते काही हसत नव्हते.

दिवा झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन दिवस उजेडात जायचं नाही. "मी कवा दोन दीस घरात बसलोय?" आक्का ओरडली. तात्या म्हणाले, "भाजी मी इकतो. छत्री लावून बसतो." आक्काचा नाइलाज झाला.

तपासणीला ती आली ती तणतणतच. "डाक्टर, कोथमिरीची एक पेंडी मागंल त्याला ह्यानं दोन दिल्या! वर इचारतोय, मिरच्या बांधू का! माझी गिऱ्हाइकं आता मला इचारत्यात, अंपायर कवा येनार? ह्याच्या थोबाडाला परत मलम लावा आन् ह्याला घरात बसवा!"

ओठ मात्र छान भरला होता. भांडताना पदर नव्हता त्यावर.

* * *

आणि आता तो किस्सा, ज्यासाठी मला पंगतीतून उठू देत नाहीत.

तात्यांचा दिवा सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. मलम, उजेड, डाग मरतो कसा. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे मलम मेन. उजेड काय, कुठलाबी. मग मलम लावून शेतातच बसतो की! तिथं मोप उजेड हाय, आन् लाईटबी जात न्हाय!"

डॉक्टर भडकले. ऊन वेगळं, दिवा वेगळा, हे शास्त्र आहे, पोरखेळ नव्हे. पाव तास बोलले. तात्यांनी नुसती मान हलवली.

पुढं काही वर्षांनी डॉक्टर दिल्लीला स्किनच्या डॉक्टरांच्या परिषदेला गेले. परत आले ते कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसले.

"सिस्टर, शिरोळच्या तात्यांना फोन लावा."

तोवर तात्यांकडं मोबाईल आला होता. मी स्पीकर लावून दिला.

"तात्या, तुम्ही एकदा म्हणाला होता ना, मलम लावून शेतात बसतो म्हणून?"

"म्हनलो आसंन. मी लई बोलतो."

"परदेशात काही ठिकाणी आता तसंच करून बघताहेत. मलम लावून पेशंटला दिवसाउजेडी बाहेर बसवतात. तुमचं चुकलं नव्हतं."

पलीकडं शेतातल्या मोटारीच्या पाण्याचा आवाज येत होता.

"बरं. मग उन्हात बसवत्यात का झाडाखाली?"

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला, परिषदेची पिशवी टेबलावर उलटी केली आणि कागद चाळायला लागले.

"डाक्टर? हाय का? आन् सकाळी का दुपारी?"