एक मीटरच्या आत

बाबांच्या कॅमेऱ्याला जवळचं दिसत नसे. तो जुना रेंजफाइंडर होता. त्यात आपण लेन्समधून पाहतच नाही, शेजारच्या एवढ्याशा खिडकीतून पाहतो. खिडकीत समोरच्या माणसाच्या दोन पुसट प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर आणून बसवल्या की फोकस झाला. पण एक मीटरवर ती कडी अडते, पुढे फिरतच नाही. बाबांचं त्यावाचून काही अडलं नाही. मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ त्यांचा स्टुडिओ होता, तिथं पासपोर्ट फोटो निघायचे, लग्नातले जोडीचे फोटो निघायचे, आणि कोणी गेलं की फ्रेम करायला घरचे लोक जुना फोटो घेऊन यायचे. कोणी जवळून काढा म्हटलं तर ते चिडायचे. ‘‘मानसाच्या तोंडात कॅमेरा खुपसाचा नसते,’’ म्हणायचे.

ते गेल्यावर कॅमेऱ्याचं शटर अडकलं ते अडकलंच. दुरुस्त करणारा मिळेना. मी शेलूबाजारला माझा स्वतःचा स्टुडिओ टाकला होता, लग्नं आणि नामकरणं करत होतो, सगळं डिजिटलवर. बाबांचा कॅमेरा कपाटात पडून होता. मग कुठंतरी वाचलं की असल्या जुन्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यावर चालतात, मधे एक रिंग लागते. शिवाय काही रिंगा अशा येतात की त्या फिरवल्या की लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे सरकते. लेन्स जितकी पुढे, तितकं जवळचं दिसतं. मी रिंग मागवली आणि बाबांची लेन्स त्यांनी आयुष्यभर पाळलेल्या एका मीटरच्या आत नेली.

वेड लागलं मला. तुरीच्या शेंगेतली अळी, पऱ्हाटीच्या बोंडातला कापूस, बायकोच्या बांगडीवरचा ओरखडा, जे दिसेल ते काढत सुटलो. नव्या लेन्सा सगळं सारखंच लख्ख दाखवतात, मला त्याचा कंटाळा आला होता. ही लेन्स इतक्या जवळच्या कामासाठी बनलेलीच नव्हती. मधलं तेवढं धारदार यायचं आणि कडांना सगळं वितळायचं. त्यात तिच्या आतल्या काचेवर वर्षानुवर्षांचा धुरकट थर धरला होता, त्यामुळं पांढऱ्या गोष्टींभोवती दुधाळ झाक यायची. तो दोष आहे हे मला माहीत होतं. पण फोटोवाल्यांच्या ग्रुपवर लोक त्याला गोडवा म्हणायचे, आणि मीही म्हणायला लागलो.

मग मी मायचे फोटो काढायला लागलो. तिचं माहेर इंझोरीचं. लग्नाच्या आधी आणि नंतरही पुष्कळ वर्षं तिनं लोकांच्या वावरात निंदण केलं, बाबांचा स्टुडिओ चालायला लागल्यावरच ते सुटलं. गंमत म्हणजे फोटोवाल्याची बायको असून तिचे फोटो चार-पाचच होते, तेही घोळक्यातले. सकाळी चहा झाला की ती ओट्यावर बसायची, तळहातावर तंबाखू घ्यायची, डबीतला चुना बोटानं लावायची, मळायची आणि डाव्या गालात धरायची. मी समोर पाट टाकून बसायचो. इतक्या जवळ गेलं की फोकस तांदळाच्या दाण्याएवढा उरतो. डोळा धरला तर नाक सुटतं. कडी फिरवून भागत नाही, आपणच कमरेतून पुढे-मागे व्हायचं आणि स्क्रीनवर मोठं करून पाहत राहायचं. मी तिला हलू नको म्हणायचो.

‘‘सास घेऊ का नोको?’’ ती विचारायची. मी ओरडलो की हसायची. एकदा म्हणाली, ‘‘तुह्या बापानं कंदी एवढ्या जवळून नाई पाह्यलं मले.’’

मी तापट माणूस आहे. ती हलली की मी चिडायचो आणि ती मुकाट्यानं पुन्हा मान तशी धरायची. बाबांच्या लेन्ससमोर बसणं तिला आवडत होतं हे मला कळत होतं. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

बुद्धपौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारातून आली तेव्हा काढलेला फोटो माझा सगळ्यांत चांगला. त्यात ती हसते आहे, ओठाचा डावा कोपरा किंचित उघडा आहे आणि सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत. ग्रुपवर लोकांनी खूप वाखाणला. मग मी दर आठ-पंधरा दिवसांनी तिला बसवू लागलो.

पोळ्याच्या सुमारास त्याच कोपऱ्यात एक पांढरा ठिपका यायला लागला. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा मला तो दिसला. अगदी नीट दिसला, हे मी लपवत नाही. मी म्हटलं, चुना. तंबाखू खाणाऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात चुना नसेल तर काय असेल? त्यात ही लेन्स पांढऱ्याला पसरवणारी. मी कॉम्प्युटरवर ठिपक्याच्या शेजारची कातडी उचलली, त्यावर बसवली आणि पुढच्या फोटोकडं वळलो. आमच्या धंद्यात याला टचिंग म्हणतात. तोंडावर डाग असलेला फोटो गिऱ्हाइकाला द्यायचाच नाही हे मी बाबांकडून शिकलो. ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं करायचे, मी माउसनं करतो. देवीचे वण, तीळ, मस, घाम, जे असेल ते काढायचं. वीस वर्षांत किती तोंडं साफ केली असतील कोणास ठाऊक. हात आपोआप चालतो, त्यासाठी डोकं लागत नाही.

दिवाळीला ठिपका मोठा झाला होता. मी तोही काढला. मला आठवतं, तेव्हा मी थोडा वैतागलो होतो, कारण मोठा डाग काढला की ओठाची नैसर्गिक रेघ मोडते आणि ती पुन्हा जुळवायला वेळ लागतो. बायको मागून म्हणाली, ‘‘काय चाल्लं एवढं?’’ मी म्हटलं, ‘‘माय चुना पुसून नाई बसत.’’

संक्रांतीनंतर एका सकाळी मायनं स्वतःच विषय काढला. मी पाट टाकला होता, कॅमेऱ्याला रिंग लावत होतो. तिनं बोटानं गाल ओढून धरला.

‘‘तुह्या काचातून मोठं दिसते ना? मंग पाह्य बरं इथं काय हाये. तिखट लागलं का आग आग होते.’’

मी पाहिलं. कॅमेरा तिच्या तोंडापासून वितभर अंतरावर होता. स्क्रीनवर तिच्या ओठाच्या आतला कोपरा माझ्या तळहाताएवढा दिसत होता. पांढरा, खरबरीत, मधे लालसर. मी फोटो काढला आणि तिला म्हणालो, ‘‘चुना लागला असंन माय. चुन्यानं तोंड पोळते. दोन दिवस खाऊ नोको, धुऊन घे.’’

‘‘धुतलं म्या.’’

‘‘मंग पुन्हा धू. अन आता हलू नोको.’’

तिनं गाल सोडला आणि मान तशी धरली. त्या दिवशी मी चौदा फोटो काढले.

त्यानंतर तिनं ठेचा सोडला, मग भाजीतलं तिखट सोडलं. बायको तिच्यासाठी वेगळं वरण करायला लागली. तोंड आलं आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या आणि लावायचं औषध यात महिने गेले. एप्रिलमध्ये तिला भाकर चावता येईना आणि कानापर्यंत कळ जायला लागली, तेव्हा मी तिला मंगरूळपीरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं आरशाची काडी तोंडात घातली, एकदाच पाहिलं आणि दात राहू द्या म्हणाला. अकोल्याला जा, उद्याच जा.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी माय आणि मी त्यांच्यासमोर बाकावर बसलो होतो, दारात बाकीचे पेशंट उभे होते. कॅन्सर आहे, जबड्याच्या हाडाला लागला आहे, नागपूरला ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग पेन हातात धरून माझ्याकडं पाहत विचारलं, ‘‘हे पहिल्यांदा कधी दिसलं?’’

मी म्हणालो, ‘‘दोनेक महिने झाले.’’

‘‘त्याच्या आधी पांढरा चट्टा? वर्षभरात कधी लक्षात आला?’’

‘‘नाही.’’

‘‘पांढरा असतो तेव्हा आलं तर बारीकसं काम असतं. कापून काढतो, माणूस संध्याकाळी घरी जातो,’’ ते म्हणाले आणि लिहायला लागले. माय माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून बसली होती.

घरी आलो आणि स्टुडिओ उघडून बसलो. टचिंग केलेले फोटो मी वेगळे ठेवतो आणि कच्चे वेगळे. कच्चे कधी पुसत नाही, ही माझी चांगली सवय. बुद्धपौर्णिमेचा कच्चा फोटो काढला. कोपरा स्वच्छ. पोळ्याचा काढला. तांदळाच्या कणीएवढा पांढरा. दिवाळीचा काढला. संक्रांतीचे चौदा काढले. क्रमानं एकापुढे एक लावले तर कुठल्याही डॉक्टरला एका नजरेत समजलं असतं. पांढरा चट्टा कसा पसरत गेला, कधी त्यात लाल उतरलं, सगळं होतं. तारीख, वेळसुद्धा.

तरी मी दोष लेन्सवर ढकलून पाहिला. बाबांची लेन्स लावली, स्वतःच्या तोंडात जीभ गालाला लावून त्याच कोपऱ्याचे, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात आठ-दहा फोटो काढले. दुधाळ झाक दातांवर आली, डोळ्यातल्या चमकेवर आली. ओठाच्या कोपऱ्यात काहीही आलं नाही. धुरकट होती, जुनी होती, तिच्या मापाच्या बाहेरचं काम तिच्याकडून करून घेत होतो, तरी तिला जे दिसलं ते तिनं नेमकं दाखवलं होतं. पुसलं मी. आयुष्यात इतक्या जवळून मी कुणाकडं पाहिलं नव्हतं, आणि जिच्याकडं पाहिलं तिला मी हलू नको म्हणत होतो.

नागपूरच्या डॉक्टरांनाही मी दोन महिनेच सांगितलं. एकदा सांगितल्यावर ते बदलायची हिंमत झाली नाही. कागदावर सगळीकडं तेच लिहिलं गेलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला हिरवा झगा घालून खाटेवर बसवलं होतं. डावा जबडा आणि जिभेचा काही भाग काढावा लागणार होता. नंतर बोलणं कसं येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते तिलाही माहीत होतं. बायको चहा आणायला गेली होती. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

‘‘माय, माह्याजवळ फोटो हायेत,’’ मी म्हणालो. ‘‘पोळ्यापासूनचे. त्याच्यात दिसून राह्यलं थे. म्या पाह्यलं व्हतं.’’

तिनं माझ्याकडं पाहिलं. गाल सुजला होता, बोलताना तिला थांबावं लागत होतं.

‘‘मले काय मालूम नाई?’’ ती म्हणाली. ‘‘म्याच तं दाखोलं व्हतं तुले.’’

‘‘मंग अकोल्यात डॉक्टरनं इचारलं तवा तू काहून गप बसली? मी खोटं बोल्लो.’’

माझ्या शर्टाची वर आलेली कॉलर तिनं बोटांनी खाली दाबून नीट केली.

‘‘थो तुले बोल्ला असता ना,’’ ती म्हणाली. ‘‘चार मानसात.’’

तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला आणि तिला आडवं व्हायला सांगितलं. त्यानंतर माय आठ महिने होती. ती बोलायची, पण निम्मे शब्द मला कळत नसत, बायकोला मात्र कळायचे आणि ती मला समजावून सांगायची. तिच्या तोंडून मला नीट समजलेलं शेवटचं वाक्य तेच.