लायलच्या गॅरेजवरचा झेंडा

लायल टॉर्गर्सन माझा समोरचा शेजारी. आमच्यात एक रस्ता आहे, आणि तोही काही फार रुंद नाही. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, त्याच्या घरावर लाल-पांढरे-निळे दिवे चढले की सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला ते उतरेपर्यंत माझं स्वयंपाकघरही त्याच रंगांत न्हाऊन निघतं. बशीतलं दूध निळं दिसतं, म्हातारं मांजर लाल दिसतं. एका वर्षी कंटाळून मी जाड पडदे लावले, तर हा दुसऱ्या दिवशी दारात हजर. "जीनेट, बरी आहेस ना? पडदे का लावलेस?" मला बरं नसल्याशिवाय मी त्याच्या दिव्यांकडे पाठ फिरवीन, हे त्याच्या डोक्यातच येईना.

मी या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं. कोणाच्या घरी काय शिजतं हे मला पाकिटांवरून कळायचं. लायलकडे यायचे दिव्यांच्या दुकानांचे कॅटलॉग, जानेवारीपासून. बाहेर कमरेएवढा बर्फ, आणि हा माणूस दारात उभा राहून मला विचारणार, "खोकं आलं का माझं?" एका वर्षी त्याने अकरा खोकी परत पाठवली, कारण पांढरे दिवे पुरेसे पांढरे नव्हते. पिवळट होते म्हणे. ती अकराही खोकी मीच उचलून नेली. पाठीत कळ आली ती अजून थंडीत उठते.

बरं, देशासाठी एवढा जीव टाकणाऱ्या या माणसाने स्वतः केलं काय? युद्धासाठी सैन्यभरतीची सोडत निघाली तेव्हा याचा आकडा इतका मागचा लागला की बोलावणं आलंच नाही. त्यात त्याचा दोष नाही. माझ्या भावाचा आकडा पुढचा लागला. तो जाऊन आला, आणि चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाचे फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून, तळघरात रेडिओ मोठ्याने लावून बसतो. लायल मात्र बोलायला लागला की सुरुवातच "आपण तिकडे लढत होतो तेव्हा" अशी करतो. तेव्हा हा चीजच्या कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. पुढे एकेचाळीस वर्षं तेच केलं. वाईट काम नव्हे ते, पण छाती फुगवायला त्याला ते पुरलं नाही.

कोपऱ्यावरच्या बाईंचा झेंडा संध्याकाळी उतरवायचा राहिला की हा त्यांच्या दारावर चिठ्ठी चिकटवणार: अंधारात झेंडा ठेवायचा तर त्यावर उजेड हवा. कुणाच्या झेंड्याची कड विरली की हा बेल वाजवून सांगणार. बायकोच्या स्वेटरचं कोपर चार वर्षं फाटलेलं होतं, ते याला दिसलं नाही.

बायको आर्डिस. बुटकी, शांत, चर्चच्या प्रत्येक विक्रीला रुबार्बच्या आंबट देठांचा 'पाय' नावाचा गोड, भाजलेला पदार्थ करून देणारी. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने आवाज चढवलेला मी ऐकला नाही, आणि हेही सांगते की तिचं कुणी ऐकून घेतलेलंही पाहिलं नाही. तिला एकच बहीण, मेविस. सुपीरिअर सरोवराच्या काठी राहायची, आमच्यापासून चार तासांवर. पूर्वी आर्डिस दर उन्हाळ्यात आठवडाभर तिच्याकडे जायची. लायलचे दिवे सुरू झाले आणि ते जाणं बंद पडलं. उन्हाळ्यात दिवे सोडून निघता येत नाही. टायमर बघायचा असतो, गेलेला दिवा बदलायचा असतो, वारा सुटला की तारा तपासायच्या असतात. "आणि एकटी एवढ्या लांब कशाला जातेस?" असं म्हणून तो तिलाही अडवायचा. मग हिवाळ्यात रस्ते बंद. अशी एकोणीस वर्षं गेली.

याला आमचं गावही जबाबदार आहे, मीसुद्धा. चार जुलैची समिती दरवर्षी सजवलेल्या घरांचा क्रम लावते. परीक्षक तीन तारखेला दिवेलागणीला गोल्फच्या गाडीत बसून गल्लीगल्लीत फिरतात, वह्यांत काहीतरी लिहितात. पहिल्या घराला निळी फीत आणि चीजची टोपली. लायलच्या दिवाणखान्यात अशा सात फिती चौकटीत लावलेल्या आहेत. आम्ही शेजारी त्या संध्याकाळी खुर्च्या घेऊन रस्त्यावर बसतो, सॉसेज भाजतो, बटाट्याचं सॅलड वाटतो आणि टाळ्या वाजवतो. माझंच सॅलड असतं. एकोणीस वर्षं मी खिडकीतून शिव्या घातल्या आणि रस्त्यावर टाळ्या वाजवल्या, याची मला लाज वाटते.

ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतेय त्या उन्हाळ्यात लायलने नवा घाट घातला. गॅरेजचं दार दोन गाड्या मावतील एवढं रुंद. त्या अख्ख्या दारावर त्याने दिव्यांचा झेंडा उभारला. तेरा पट्टे, प्रत्येक पट्ट्याच्या चार माळा, वर डाव्या कोपऱ्यात जाळीवर पन्नास तारे. मेमधले नऊ दिवस तो शिडीवर होता. शेवटचा स्क्रू पिळून तो खाली उतरला, रस्त्यापलीकडे माझ्या पायरीवर येऊन उभा राहिला आणि कौतुकाने बघत बसला. तेवढ्यात आर्डिस चर्चमधून चालत आली.

"लायल," ती म्हणाली, "माझी गाडी कुठंय?"

लायलने झेंड्याकडे बघितलं. मीही बघितलं. तिची जुनी ब्युइक आतच होती. दार वर सरकवलं की त्याच्या फळ्या आत दुमडणार, म्हणजे माळा तुटणार.

कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? लायल म्हणाला, "असू दे आतच. सावलीत राहील. लेबर डेपर्यंत आपण पिकअप वापरू. नाहीतरी तुला जायचंय कुठं?"

आर्डिस गॅरेजच्या बाजूच्या लहान दाराने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जूनच्या मध्यावर मेविसच्या मुलीचा फोन आला. मेविसला कर्करोग होता, तो आता यकृतात पसरला होता. आता घरीच पलंगावर ठेवलंय, औषध फक्त वेदनेचं. भेटायचं असेल तर या. आर्डिसने हे मला कुंपणापाशी सांगितलं, हातातल्या कात्रीने उगाच गवताची टोकं कापत.

"लायलला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, चार जुलै होऊ दे."

"आणि पाच जुलैला नेईल?"

"आज विचारलं तर म्हणाला, लेबर डेनंतर निवांत जाऊ."

"अगं, मेविस लेबर डेपर्यंत थांबणार आहे का? चल, मी सोडते तुला. उद्या सकाळी निघू."

तिने मान हलवली. "नको, जीनेट. माझी गाडी आहे."

मला तेव्हा तिचा रागच आला. म्हटलं, बाई मार खाऊन वर ताठा मिरवते आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं की ती मला नकार देत नव्हती, ठरवत होती.

तीन जुलैला सकाळी पुन्हा फोन. मेविस आता दिवसातून तासभरच शुद्धीवर असते. आर्डिस सरळ लायलकडे गेली. तो शिडीवर, तोंडात दोन स्क्रू. रस्त्यापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"लायल, आज मला जायचंय."

"आज? आर्डिस, आज परीक्षक येणारेत!"

"मेविस मरतेय."

"मला माहितीय गं. मला काय वाईट वाटत नाही? पण आजच्या संध्याकाळचं तरी बघशील की नाही? वर्षभर राबलोय मी. लोकांना लिंबूसरबत कोण देणार?"

लिंबूसरबत! मी तिथूनच ओरडणार होते. पण आर्डिस "बरं" म्हणाली आणि घरात गेली. दुपारी ती बाजूच्या दाराने गॅरेजमध्ये जाताना दिसली. एका हातात लहान बॅग, दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेलं रुबार्ब-पायचं ताट. मी मुकाट्याने बटाटे सोलत बसले.

संध्याकाळी सगळी गल्ली जमली. लायलने झेंड्याच्या रंगांचा पट्टेरी शर्ट घातला होता. आर्डिसने सगळ्यांना लिंबूसरबत दिलं, रिकामे पेले गोळा केले, आत नेऊन ठेवले. पावणेनऊला परीक्षकांची गाडी वळणावर आली. लायलने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि भाषण ठोकलं. या झेंड्यासाठी आपण काय काय सोडलं, असा त्याचा एकूण सूर होता. स्वातंत्र्य हा शब्द त्याने सहा वेळा वापरला. मी मोजलं. मग त्याने बटण दाबलं.

खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. पांढरा अगदी पांढरा होता. लोक "आहा" म्हणाले, परीक्षक खाली उतरले, वह्या उघडल्या. लायल डोळे पुसत होता.

आणि गॅरेजच्या आतून दार उचलणारी मोटर घुरघुरली.

दाराची सगळ्यात वरची फळी आत झुकली. तारे गेले पहिल्यांदा. जाळी ताणली, चर्रकन फाटली आणि उजळलेल्या ताऱ्यांसकट छताकडे ओढली गेली. मग एकेक पट्टा. माळा सुटून खाली लोंबल्या, दाराच्या चाकांत अडकल्या, दिवे फटफट फुटायला लागले. कुणीतरी हसलं, त्याला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. खाली गाडीची मागची बाजू दिसू लागली. लाल दिवे लागले, मग मागे येतानाचे पांढरे.

"आर्डिस!" लायल किंचाळला. "तारे! अगं, तारे!" तो धावत जाऊन गाडीच्या मागे उभा राहिला, दोन्ही हात पसरून.

आर्डिसने काच खाली केली. "लायल, बाजूला हो."

"परीक्षक अजून लिहितायत!"

"लिहू देत."

गाडी हळूहळू मागे येत राहिली. लायल बाजूला झाला. तिच्यासाठी झाला असता तर मी त्याला आजवरचं सगळं माफ केलं असतं. पांढऱ्या दिव्यांची एक शाबूत माळ चाकाखाली जात होती, ती ओढून घ्यायला तो वाकला. ब्युइक रस्त्यावर आली, वळली. माझ्या शेजारून जाताना आर्डिसने मला हात केला. एक लाल माळ मागच्या बंपरला अडकून कोपऱ्यापर्यंत फरफटत गेली.

लायल माळ हातात धरून माझ्याकडे आला. मला वाटलं, विचारेल, कुठे गेली, एवढ्या अंधारात गाडी चालवेल ना नीट. तो म्हणाला, "जीनेट, परीक्षकांनी आधीचं बघितलं ना? तुटायच्या आधीचं?"

"सगळं बघितलं, लायल," मी म्हटलं. "आधीचंही आणि नंतरचंही."

दुसऱ्या दिवशी आर्डिसचा फोन आला. मेविसने तिला ओळखलं होतं. रुबार्ब-पायचा एक घास खाल्ला, आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरलीही. "इथे पुढच्या ओसरीवर दिवाच नाही," आर्डिस म्हणाली. "एकही नाही, जीनेट." तिचा आवाज मला तरुण वाटला.

मेविस बारा तारखेला गेली. लायल अंत्यविधीला पिकअपने गेला आणि त्याच दिवशी परत आला, टायमर बघायला. त्याला त्या वर्षी दुसरा क्रमांक मिळाला. समितीला त्याने लिहून दिलं होतं की सजावटीचं नुकसान वाऱ्याने झालं. तीन तारखेला पानसुद्धा हललं नव्हतं.

आर्डिस महिन्याच्या शेवटी परतली. लोक म्हणत होते, येणार नाही. मलाही आशा होती, खोटं का बोला. ती आली, बॅग आत ठेवली, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रुबार्ब कापायला बसली. तिने भांडण केलं नाही, माफीही मागितली नाही. फक्त गाडी गॅरेजमध्ये ठेवली नाही. ती बाहेरच्या उतारावर उभी केली, गॅरेजच्या दारासमोर बरोबर मध्ये, तोंड रस्त्याकडे.

पुढच्या मेमध्ये लायलने झेंडा पुन्हा उभारला, त्याच दारावर. माणूस सुधारत नाही. तीन जुलैला परीक्षक यायच्या आधी तो तिच्या मागे लागला. मी पायरीवर बसून ऐकत होते.

"आर्डिस, फक्त तासभर गाडी रस्त्यावर लाव ना. खालचे सहा पट्टे दिसतच नाहीत!"

आर्डिस पायऱ्यांवर बसून शेंगा सोलत होती. किल्ली तिच्या स्वेटरच्या खिशात होती. नवा स्वेटर, कोपर शाबूत.

"नाही दिसत," ती म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली.

त्या संध्याकाळी मी सॅलड केलं नाही. मी आमच्या रस्त्यावर खुर्ची टाकून वरचे सात पट्टे बघत बसले, आणि त्यांच्याखालची ब्युइक. टाळ्या वाजवल्या, पण लायलसाठी नव्हेत.